माय कंसाबाहेर

आलापल्ली, ३ डिसेंबर २०२३

प्रिय भाऊ,

सप्रेम जय भीम.

"पुरा बाहेर गेला तरी त्याच्या जागी एक राह्यते, स्वाती. शून्य नाई होत."

हे तू म्हणाला होतास. मी आठवीत होते आणि चिमूरच्या घराच्या मागच्या खोलीत आपण दोघं पोत्यावर बसलो होतो. सामाईक अवयव बाहेर काढताना मी दर वेळी तीच चूक करायची. 4x³ + 6x² + 2x. तिघांत सारखं काय आहे ते मला बरोबर दिसायचं, 2x मी कंसाबाहेर काढायची, कंसात 2x² लिहायची, 3x लिहायची आणि थांबायची. शेवटचं पद तर सगळंच बाहेर गेलं, मग आत काय लिहायचं? मी कंस बंद करून टाकायची. तू चिडला नाहीस. माझ्या हातातली पेन्सिल घेतलीस आणि कंस खोडून तिथे एवढा मोठा 1 लिहिलास की बाकीची सगळी राशी त्याच्यापुढे खुजी दिसायला लागली.

या आठवड्यात आठवीला हाच धडा शिकवला. तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तेही आपल्या बोलीत. पोरं हसली. घरी आले आणि वाटलं, तुला सांगावं. पण फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. पोस्टमनच्या घरात वाढलेला माणूस पत्र न वाचता टाकणार नाही, एवढा भरवसा मला आहे. बाबांनी आपल्याला दुसरं काही शिकवलं नसेल, पण हे शिकवलं.

आई बरी आहे. हे आधी लिहायला हवं होतं. सकाळी अंगणात उन्हाला बसते, संध्याकाळी शेगडीजवळ. बीपीची गोळी मी स्वतः देते. इथे थंडी तुमच्या चांद्यापेक्षा जास्त आहे, जंगल अगदी घराच्या मागे येऊन उभं आहे, पण तिला ते आवडतं. सागाची पानं पडतात तो आवाज ऐकते आणि म्हणते, कोन आलं पाय वो.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायची की नाही, यात चार रविवार गेले.

भाऊ, चूक तुझी नव्हती. माझीही नव्हती. मागच्या महिन्यात शाळेच्या ऑफिसात भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटून बघितलं. या वर्षी श्रावण दोनदा आला होता. धोंड्याचा महिना. बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला आपण तिघं सतरंजीवर बसलो आणि आईच्या पाळ्या ठरवल्या, तेव्हा तूच म्हणालास की तारखांवर नको, पौर्णिमेवर ठेवू. आईला तारखा कळत नाहीत, पौर्णिमा कळते, त्या दिवशी ती अष्टशील पाळते, दुपारनंतर जेवत नाही. आषाढी पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत तुझ्याकडे, तिथून फाल्गुनापर्यंत माझ्याकडे, मग आषाढापर्यंत धाकट्या कांताकडे. चार-चार महिने. किती सरळ होतं ते. अधिक महिना कोणाच्या वाट्याला, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही सुचला नाही, आणि त्यातली मी गणिताची मास्तरीण.

तू पौर्णिमा मोजल्यास. चौथी आली तशी तू आईला घेऊन चांद्याच्या बसस्टँडवर आलास, नेहमीच्या बाकावर बसवलंस, नेहमीसारखी मी येईनच असं धरून ड्यूटीवर गेलास. मी महिन्याचं नाव धरून बसले होते. कार्तिक अजून यायचा होता. मी त्या वेळी इथे नववीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत होते, आणि माझा फोन नेहमीप्रमाणे रेंजच्या बाहेर होता.

आईने वाट बघितली. किती वेळ, ते ती सांगत नाही. शेजारच्या बाईने तिला केळी दिली एवढं सांगते. मग कंडक्टर चिमूर, चिमूर असं ओरडला आणि ती उठून त्या बसमध्ये बसली. कोणाला विचारलं नाही. रात्रीच्या आत चिमूरहून शेजारच्या कलाबाईचा फोन आला नसता तर तू आणि मी अजूनही एकमेकांना विचारत बसलो असतो. कलाबाई म्हणाली, "तुझी माय ओट्यावर बसून हाय. घराले कुलूप. मी म्हटलं माझ्या घरी चल, तर म्हन्ते, मी माझ्या घरी आली आहो."

मी जाऊन तिला इथे घेऊन आले. त्यानंतर फोनवर आपण जे बोललो ते बोललो. तू म्हणालास, एकट्या बाईले घर चालवनं का समजते. मी त्यावर काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

मला फक्त कॅलेंडरचं सांगायचं होतं.

रिना वहिनीला जय भीम.

तुझी,
स्वाती

आलापल्ली, २१ जानेवारी २०२४

प्रिय भाऊ,

सप्रेम जय भीम.

उत्तर आलं नाही, पण अहेरीच्या गाडीवाल्याकडून वहिनीने आईसाठी तपकिरी शाल पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. शालीला तुमच्या घराचा वास आहे, वहिनी कपाटात ठेवते त्या कापराचा. आईने नाकाशी धरली आणि म्हणाली, "लोकेशच्या घरची हाय." एवढंच. मग दिवसभर खांद्यावर.

म्हणजे पत्र पोचलं, असं मी समजते.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली होती का, माहीत नाही. आई पिशवी रिकामी करत नाही. ती निळी, चेनची, बाबांना निवृत्तीला मिळालेली. मी तिच्यासाठी कपाटाचा एक कप्पा मोकळा केला होता. दोन वर्षं तो मोकळाच आहे. ती लुगडं पिशवीतून काढते, नेसते, धुऊन वाळलं की घडी करून परत पिशवीत. कंगवा पिशवीत, चष्म्याची डबी पिशवीत. मी म्हटलं, माय, इथी ठेव ना. तर म्हणाली, काहाले, मंग शोधत बसा लागते निघताना. कांताला फोनवर विचारलं. तिच्याकडे मोहर्लीलाही असंच. तुझ्याकडे तर तिला स्वतंत्र खोली आहे, कपाट आहे. तिथेही पिशवीतच का?

कांताला यात हसू येतं. तिचं काम माहीत आहेच तुला, पहाटेपासून पाहुण्यांना जिप्सीत घालून वाघ दाखवायचा. ती म्हणते, "ताई, वाघाचं बरं, पानवठ्यावर भेटते तरी. मायचा ठिकानाच नाई." ती हसून सांगते.

माझ्या आठवीत एक मुलगी आहे, सुकरी. भामरागडच्याही पुढच्या गावची. घरी माडिया बोलतात, मराठी तिने इथे वसतिगृहातच उचलली. हिशेबाला तल्लख. पण सामाईक अवयवात ती माझीच चूक करते. पूर्ण बाहेर गेलेल्या पदाच्या जागी काही लिहीत नाही. मी तुझं वाक्य सांगितलं होतं, ते तिला पटलेलं नव्हतं. तिला उभं करून विचारलं, इथे काय राहिलं? ती म्हणाली, "काही नाई मॅडम. गेला तर गेला ना. घरी आता का हाय त्याचं?"

वर्ग हसला. मी हसले नाही. ती पहिलीपासून वसतिगृहात आहे, भाऊ.

मी म्हटलं, बरं, तुझंच उत्तर धरू. आता बाहेरच्याला कंसातल्या प्रत्येकाशी परत गुण. जे होतं ते सगळं परत यायला पाहिजे. तिने गुणलं. 4x³ आला, 6x² आला आणि ती थांबली. फळ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि खरं सांगते, बाकाखालीही बघितलं, पडलं की काय म्हणून. मग म्हणाली, "एक जन नाई आला."

"काऊन नाई आला?"

ती पुन्हा वहीवर वाकली. मग तिने कंसात 1 लिहिला, तुझ्याइतका मोठा नाही, अगदी बारीक. म्हणाली, "यायले जागा ठेवा लागते."

मला हे तुला सांगायचं होतं. तू शिकवलेलं, इतक्या वर्षांनी, इतक्या आत जंगलात.

आता मुख्य मुद्दा. भाऊ, ही पाळी आता बंद करू. बसस्टँडवरच्या त्या दिवसानंतर मला आईला पुन्हा बाकावर बसवायचं नाही. ती माझ्याकडेच राहू दे. कायमची. तुझ्या घरी जिना तीन मजले, लिफ्ट बंद असली की ती खाली उतरत नाही आणि दिवसभर गॅलरीतून वीजकेंद्राच्या राखेने भरलेलं आकाश बघते. कांताकडे तिची पाळी नेमकी उन्हाळ्यात, म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीत. कांता आणि अतुल, नवरा-बायको दोघंही, पहाटे निघतात ते दुपारी परत, आणि पुन्हा निघतात. माझं काय, मी एकटी. शाळा घराच्या समोर आहे, मधल्या सुट्टीत घरी येता येतं. घरात दोघीच असतो तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. हे मी आईच्या सोयीसाठी लिहिते आहे.

आईला अजून विचारलेलं नाही. पण ती नाही कशाला म्हणेल?

तुझी,
स्वाती

आलापल्ली, १८ फेब्रुवारी २०२४

भाऊ,

सप्रेम जय भीम. आज थोडंच लिहिते.

आईला विचारलं. ती नाही म्हणाली.

कांता आणि अतुल आले होते, अतुलचं आलापल्लीच्या डेपोत काही काम होतं. जेवणं झाली, आई शेगडीजवळ. मला वाटलं चौघं आहोत तर बोलून टाकावं. मी म्हटलं, माय, आता पाळी नाही, तू इथेच राह्य, माझ्याकडं. मला वाटलं होतं ती मान डोलावेल, फार तर डोळे पुसेल. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, निखारा सारत राहिली.

"चार चार महिने म्हन्ता. मी का गावाचा मोटारपंप आहो का, पाळीनं फिरवाले?"

कांता हसायला लागली. मी म्हटलं, म्हणून तर म्हणते, आता फिरायचं नाही.

"इथी राह्यली तरी मी पाहुनीच ना वो. तुझ्या घरी पाहुनी, लोकेशच्या घरी पाहुनी, कांताच्या घरी पाहुन्यांतली पाहुनी. साऱ्यायनं मले चांगलं ठेवलं. मी नाई म्हनत नाई. पन मले माह्या घरी राहाचं हाय."

मी तिला सगळं सांगितलं. एकटी कशी राहशील, पडलीस तर, विहिरीचं पाणी, दुखलं-खुपलं तर. तिने प्रत्येकाचं उत्तर तयार ठेवलं होतं. नळ आता ओट्यापाशी आला आहे, कलाबाईने सांगितलं. दवाखाना बाबा असताना होता तिथेच आहे. आणि पडायचं तर ती आलापल्लीतही पडू शकते, तेव्हा मी वर्गात असेन. अतुल हळूच म्हणाला, बराबर हाय. कांताने त्याच्याकडे डोळे वटारले.

मग आई म्हणाली, बाबा गेल्यापासून सोळा ऑगस्टची, बेचाळीसच्या क्रांतीची प्रभातफेरी तिने बघितली नाही. लग्न होऊन चिमूरला आली तेव्हापासून दर वर्षी शाळेची पोरं झेंडे घेऊन आपल्या ओट्यासमोरून जायची, आणि ती त्यांना पाणी द्यायची. "आता कोन देत असन पानी?" असं मला विचारलं तिने. मला.

भाऊ, मी रागावले. तिच्यावर. उठून आत गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. सकाळी उठून बघते तर ती निळी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, आणि चेन लावलेली होती. कुठे निघाली नव्हती. सवयीने बसली होती.

कांता म्हणाली, ताई, किल्ली तर भाऊपाशी हाय. एवढं मोठं का त्याच्यात, कुलूप फोडू. अतुलपाशी लोखंडी टॉमी आहे गाडीत. आई तिच्यावर एकदम कडाडली. "लेकानं लावलेलं कुलूप फोडून मी घरात नाई जानार. तो खोलन तर जाईन."

किल्ली तुझ्याकडे आहे. मी हे फक्त कळवते आहे. अजून काही मागत नाही. मला स्वतःलाच अजून ते मागता येत नाही.

स्वाती

आलापल्ली, १७ मार्च २०२४

प्रिय भाऊ,

सप्रेम जय भीम.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं, कारण ते तिच्याबद्दल होतं. "आई एकटी राहणार नाही. तीन लेकरं असून माय एकटी, असं लोक म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. किल्ली देणार नाही. पाळीप्रमाणे पौर्णिमेला कांताकडे पोचवावे. संध्याकाळची गोळी जेवणानंतर द्यावी, आधी नाही. लोकेश."

आईने ऐकून घेतलं. म्हणाली, अक्षर अजून त्याच्या बाबासारखं हाय. मग म्हणाली, गोळीचं बराबर हाय त्याचं, तू आधी देतेस. त्या दिवसापासून जेवणानंतर देते आहे.

मी तुझ्याशी भांडायला हे पत्र लिहीत नाही. तुझं म्हणणं मला कळतं. बाबा गेल्यावर कुलूप तू लावलंस तेव्हा आम्ही दोघी रिक्षात बसलो होतो, आणि तू कुलूप ओढून बघितलंस, मग परत वळून पुन्हा ओढून बघितलंस. तेव्हापासून तू तिला सांभाळतोयस असं तुला वाटतं, मला वाटतं मी सांभाळते, कांताला वाटतं कांता. कोणी खोटं बोलत नाही. जे मांडलंय तेच चुकीचं आहे. ते मला फळ्यासमोर उभं राहून दिसलं, म्हणून तुला फळ्यावरच दाखवते. तुला माझं बोलणं पटलं नाही तरी हे पटेल, कारण हे तुझंच आहे.

माय म्हणजे म. तू ल, कांता क, मी स. आपण बाबांच्या स्मृतिदिनाला सतरंजीवर जे ठरवलं ते असं होतं:

म × ल + म × क + म × स

बघ, आई तीनदा आली. प्रत्येकाच्या पदात आहे, म्हणून प्रत्येकाला वाटतं माझ्याकडे आहे. आणि तिला तीन ठिकाणी राहावं लागतं, निळी पिशवी घेऊन, एका बेरजेच्या चिन्हावरून दुसऱ्या बेरजेच्या चिन्हावर. ते चिन्ह म्हणजे चांद्याच्या बसस्टँडवरचा बाक. त्या दिवशी ती त्या चिन्हावरच राहिली होती.

आपल्या तिघांत सारखं काय, असं कोणी आठवीतल्या पोराला विचारलं असतं तर त्याने लगेच सांगितलं असतं. घर सारखं नाही, गाव नाही, रागही सारखा नाही, तू गप्प राहतोस, कांता हसते आणि मी लिहिते. सारखी फक्त ती आहे. तिला बाहेर काढायचं आणि आपण सगळ्यांनी कंसात बसायचं:

म (ल + क + स)

यात तिची किंमत कमी होत नाही, आपलीही नाही. गुणून बघ, जेवढं होतं तेवढंच येतं. फक्त तिला तीनदा लिहावं लागत नाही. ती एकदाच, एका जागी. तिचं घर, तिचा ओटा. आणि तिच्यापाशी जायचं ते आपण. पाळी असेल, पण ती आपली असेल, तिची नाही. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी, तेव्हा मी महिनाभर राहीन. पावसाळ्यात जंगल बंद असतं, कांता मोकळी असते, ती म्हणते पोरांसकट येते. तुला वरोऱ्यावरून सरळ बस आहे, रविवारी जाऊन रविवारी परतता येतं. मधल्या दिवसांत कलाबाई आहे. लोक म्हणतील, तीन लेकरं असून माय एकटी. म्हणू दे. ओट्यावर दर रविवारी कोणी ना कोणी बसलेलं दिसलं की ते आपोआप दुसरं काही म्हणायला लागतील.

हे सगळं फळ्यावर मांडून झालं, शाळा सुटली होती, वर्ग रिकामा होता, आणि मी शेवटच्या पदापाशी थांबले.

कारण तिथे मी स लिहिला होता, आणि तो खोटा होता.

तुझ्या पदात आई आहे आणि तू आहेस, म्हणजे रिना वहिनी, नोकरी, मुलांची कॉलेजं. कांताच्या पदात आई आहे आणि अतुल आहे, तिची पोरं, तिचे वाघ. माझ्या पदात काय आहे? मी प्रामाणिकपणे बघितलं. मला तिथे आई दिसली आणि नंतर काही नाही. जानेवारीत मी तुला लिहिलं की आईच्या सोयीसाठी तिला माझ्याकडे राहू दे. ते वाक्य तू वाचलंस तेव्हा तुला काय दिसलं असेल, ते आता मला दिसतं. तू काही लिहिलं नाहीस, ही तुझी भलाई.

म्हणून खरी राशी अशी आहे:

म × ल + म × क + म

आणि आई बाहेर काढली की माझ्या जागी... भाऊ, मी फळ्यावर कंस बंद केला होता. आठवीतल्यासारखा. खडू खाली ठेवला होता.

मग सुकरी आली, डस्टर न्यायला. त्या दिवशी फळा पुसायची पाळी तिची. तिने वाचलं. म, ल, क कोण हे तिला माहीत नव्हतं. तिने मला विचारलंही नाही. खडू उचलला, कंस हाताने पुसला आणि तिथे 1 लिहिला. या वेळी बारीक नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुम्हीच विसरल्या."

तिला फळा पुसू दिला नाही. अजून तसाच आहे तो.

मी घरी आले आणि आईला म्हटलं, होळीच्या पौर्णिमेला चिमूरला जाऊ. कांताकडे नाही, चिमूरला. ती उठली. पिशवी खुंटीवरून काढली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "घरी गेल्यावर ही धुवा लागते. लय धूळ बसली." रिकामी केल्याशिवाय पिशवी धुता येत नाही, हे मला नंतर सुचलं.

तर पुढच्या रविवारी आम्ही चिमूरला असू. कांता आणि अतुल मोहर्लीहून येतील, सकाळच्या फेरीला त्यांनी दुसऱ्याला सांगितलं आहे. कुलूप आम्ही फोडणार नाही. कलाबाईला कळवलं आहे, ती सतरंजी देईल. आम्ही ओट्यावर बसू, चौघं, आई मधे, पलीकडची पोरं होळीची लाकडं गोळा करतील ती बघत. संध्याकाळच्या शेवटच्या बसपर्यंत. मग आईला कांता घेऊन जाईल, पाळीप्रमाणे, तू लिहिलंस तसं. त्यात कसूर होणार नाही.

तुझं उत्तर मला माहीत आहे. ते पोस्टकार्डावर लिहिलेलं आहे, बाबांच्या अक्षरात, आणि तू एकदा लिहिलेलं खोडत नाहीस. किल्ली टपालाने पाठव असं मी म्हणणार नाही, कारण टपालाने आलेल्या किल्लीने ती आत जाणार नाही. तो खोलन तर जाईन, असं ती म्हणाली आहे. म्हणून मी तुझ्याकडे याहून मोठं मागते, आणि नाही ऐकायची तयारी ठेवून मागते.

ओट्यावर तुझी जागा धरून ठेवते. येत्या पौर्णिमेला चिमूरला ये, भाऊ, आणि कुलूप तू उघड.

तुझी,
स्वाती